बोट उतरवली की महिन्याभरात पुन्हा पाणी: जुन्या लाकडी बोटीतली गळती कशी धरायची

जूनमध्ये बोट वर ओढली. सुतार लावला, सांधे नव्याने भरले, रंग मारला, नारळी पौर्णिमेला नारळ सोडला आणि बोट पाण्यात गेली. सुरुवातीला थोडं पाणी आलं तेव्हा सगळे म्हणाले, लाकूड फुगेल, बंद होईल. तसं झालंही. मग गणपती जातात, नवरात्र येतं आणि इंजिनखालच्या खणात पुन्हा घोट्यापर्यंत पाणी. पुढच्या जूनला पुन्हा तीच फळी, तोच कापूस, तेवढाच खर्च. वेसावे, मढ, भाटी, वरळी, ससून डॉक, कुठेही जुनी लाकडी बोट बाळगणाऱ्या नाखव्याशी पाच मिनिटं बोला, ही तक्रार निघतेच.

‘बोट म्हातारी झाली’ हे उत्तर मला पटत नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या कारागिरीतून सागात बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ हे जहाज १८१७ साली पाण्यात उतरलं आणि ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. आपली बोट काही संग्रहालयात जायची नाही, पण चांगला साग असेल तर तीस-चाळीस वर्षांत लाकूड संपत नाही. संपतात ते खिळे, सांध्यांतला कापूस, शाफ्टची (इंजिनपासून पंख्यापर्यंत, म्हणजे प्रोपेलरपर्यंत, जाणाऱ्या दांड्याची) बुश आणि आपला धीर.

गळती परत येते कारण आपण पहिला प्रश्नच चुकीचा विचारतो. ‘पाणी कुठून येतं?’ असं विचारत फळ्यांकडे बघत बसतो. बोटीच्या पोटात शिरलेलं पाणी आतल्या बाजूने पठाणावरून (बोटीच्या तळाच्या कण्यावरून) सरकत सर्वांत खोल जागी जमतं, आणि ती जागा बहुतेक वेळा इंजिनखाली असते. म्हणून दिसतं तिथून ते आलेलं नसतं. आधी ‘पाणी कधी येतं?’ हे ठरवा.

आधी मोजा

पाणी जमतं त्या खणात लाकडावर ऑइलपेंटने इंच-इंच अंतरावर रेघा मारा. ऑटोमॅटिक पंप असेल तर बघण्यापुरता बंद ठेवा, अर्थात माणूस बोटीवर असतानाच. हा पंप मोठा फसवा. तो रात्रभर गुपचूप पाणी फेकतो आणि सकाळी आपण खूश होतो की खण कोरडा आहे. मग एक दिवस बॅटरी उतरते आणि खरा हिशेब समोर येतो. बंदराला उभी असताना सकाळी इंजिन चालू करण्याआधी एक नोंद, बंदर सोडून दोन तास इंजिन चालल्यावर एक, मासळी-बर्फ भरून परतताना एक. वहीत भरती-ओहोटीही लिहा, त्याचं कारण खाली येतंच.

पाणी समुद्राचंच आहे का, हेही एकदा बघून घ्या. बर्फ वितळलेलं पाणी मासळीच्या खणाच्या फटीतून खाली झिरपतं आणि त्याला गळती समजून सांधे उकरणारे लोक आहेत. मत्स्यालयाचं सामान विकणाऱ्या दुकानात खारटपणा मोजायचं छोटं रिफ्रॅक्टोमीटर मिळतं. खणातल्या पाण्याचा एक थेंब आणि बोटीबाहेरच्या पाण्याचा एक थेंब, दोन्ही बघून तुलना करा. समुद्राचं पाणी हजारी ३५च्या आसपास खारट असतं हे पुस्तकात खरं, पण पावसाळ्यात खाडीचं पाणी बरंच गोडसर झालेलं असतं, म्हणून आकडा नाही, तुलना महत्त्वाची. खणातलं पाणी बाहेरच्यापेक्षा फारच गोडं निघालं तर सुताराला बोलावू नका. मासळीचा खण बघा, नाहीतर डेकवरून उतरणारा पाऊस बघा.

कधी येतं त्यावरून कुठून ते कळतं

बोट उभी आहे, इंजिन बंद आहे, तरी पाणी चढतंय: मग ते पाण्याखालच्या सांध्यातून, खिळ्याच्या भोकातून, किड्याने पोखरलेल्या जागेतून किंवा शाफ्टच्या नळीच्या भोवतालून येतंय. इथे भरती-ओहोटीची नोंद कामाला येते. आपल्या खाड्यांमध्ये उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या) ओहोटीला बोट चिखलावर बसते, भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या) दिवसांत मात्र तीच बोट त्याच जागी दिवसभर तरंगत राहू शकते. उधाणाच्या दिवसांत खणात पाणी जास्त आणि भांगात कमी असेल, तर बोटीचं वजन पठाणावर आलं की काहीतरी उघडतंय. म्हणजे पठाणाला लागून असलेली पहिली फळी किंवा पठाणाचे बोल्ट. हा सांधा बाहेरून बघितला तर ठणठणीत दिसतो, कारण बोट वर ओढल्यावर तो एका ठरावीक स्थितीत दाबलेला असतो.

फक्त वजन चढल्यावर पाणी येत असेल तर पाण्याच्या रेषेच्या जरा वरच्या फळ्या बघा. एरवी त्या उन्हात तापतात, सुकतात, आकसतात. डिझेल, बर्फ, मासळी भरली की त्याच फळ्या पाण्याखाली जातात आणि फुगायला वेळ मिळण्याआधी पाणी आत घेतात. अलीकडे जुन्या बोटीत मोठं इंजिन बसवलं असेल तर ही शक्यता आणखी वाढते, कारण बोटीची मागची बाजू आधीपेक्षा खाली बसते आणि जन्मभर कोरडे राहिलेले सांधे पाण्यात जातात. एक्झॉस्टचं तोंडही अशा वेळी पाण्याच्या किती वर उरलंय ते बघा.

समोरून लाटा आल्या की पाणी, एरवी नाही: नाळेजवळ (बोटीच्या पुढच्या टोकाच्या लाकडाजवळ) फळ्यांची टोकं जिथे बसतात ती खाच.

आणि इंजिन चालू झालं की पाणी, बंद केलं की थांबतं किंवा कमी होतं: यावर थोडं सविस्तर बोलायला हवं. ‘महिन्याभराने परत’ या तक्रारीत मला सर्वांत जास्त वेळा हेच सापडतं, आणि खापर फुटतं सुताराच्या डोक्यावर.

ग्लँड, शाफ्ट आणि अलाइनमेंट

घटना अशी घडते. बोट वर ओढली की ती पाण्यावर समान टेकलेली नसते. चार लाकडं, वाळूच्या गोण्या, टायर यांवर तिचं वजन येतं. आधार मध्येच असेल तर दोन्ही टोकं किंचित खाली झुकतात. लाकडी बोट वाकते. डोळ्याला दिसत नाही, पण पठाणाच्या बाजूने नाळेपासून मागपर्यंत सूत ताणून बघा, कळेल. याच स्थितीत मेकॅनिक येतो, इंजिन आणि शाफ्टचं कपलिंग (दोघांना जोडणारा सांधा) जुळवतो, बोल्ट आवळतो. बोट पाण्यात जाते, आपल्या मूळ आकाराला येते आणि शाफ्ट तिरका फिरू लागतो. ग्लँडमधली, म्हणजे शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणाऱ्या पेटीतली, पॅकिंगची दोरी एका बाजूने झिजते. काही आठवडे नट आवळून निभावतं. मग आवळायलाही काही उरत नाही. फळी फुटायला आणि पॅकिंग झिजायला लागणारा वेळ साधारण सारखाच पडतो, म्हणून संशय फळीवर जातो.

उपाय महागडा नाही, फक्त क्रम बदलायचा. कपलिंग किनाऱ्यावर जुळवा ते तात्पुरतं. बोट पाण्यात गेल्यावर दोन-तीन दिवस तिला बसू द्या, टाकीत नेहमीइतकं डिझेल ठेवा, मग कपलिंगचे बोल्ट ढिले करून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) चारही बाजूंनी फट मोजा. ढोबळ नियम असा: कपलिंगच्या व्यासाच्या दर इंचामागे एक हजारांश इंच फरक चालतो. पाच इंचांचं कपलिंग असेल तर पाच हजारांश, म्हणजे सव्वा दशांश मिलिमीटरच्या जवळपास. मेकॅनिक ‘हाताने फिरवून बघितलं, मस्त फिरतंय’ म्हणाला तर त्याला चहा पाजा आणि गेज हातात द्या.

आता ग्लँड. नवी दोरी जुन्यावर चढवू नका. हे सर्रास चालतं. तळाशी दगडासारखी झालेली जुनी दोरी राहते आणि नव्या दोन कड्या वरवर दबतात. हुकाने ओढून सगळी जुनी बाहेर घ्या. दोरीची जाडी डोळ्यांनी ठरवायची नसते: ग्लँडच्या पेटीचा आतला व्यास वजा शाफ्टचा व्यास, त्याचं अर्धं, एवढी जाडी. कड्या शाफ्टवर मापून तिरक्या कापा, एकेक करून बसवा आणि प्रत्येक कडीचा जोड आधीच्या जोडापासून साधारण एक तृतीयांश फेरा पुढे ठेवा, म्हणजे पाण्याला सरळ वाट मिळणार नाही. नागदेवी स्ट्रीटला दोरी घ्यायला गेलात तर पंपाची ग्राफाइटवाली दोरी दाखवतील. गोड्या पाण्याच्या पंपाला ती चांगली आहे. खाऱ्या पाण्यात ग्राफाइट शाफ्टच्या धातूला खातं, ती नको.

पाण्याच्या ग्लँडला चालू असताना मिनिटाला थोडे थेंब पडायलाच हवेत, त्यानेच ती थंड राहते. एक थेंबही नको म्हणून आवळत गेलात तर शाफ्ट तापतो आणि त्यावर खाच पडते. तासभर चालल्यावर इंजिन बंद करा, शाफ्ट पूर्ण थांबू द्या आणि मगच ग्लँडला हात लावून बघा. हात ठेवता येत नसेल इतकी गरम असेल तर जास्त आवळली आहे. शाफ्टवर नख फिरवून बघा, नख अडकलं तर खाच पडली आहे. मग जगातली कुठलीही दोरी पाणी धरणार नाही. शाफ्ट बदला किंवा पॅकिंगची जागा पुढे-मागे सरकवता येते का ते लेथवाल्याला विचारा.

मुंबईत याला आणखी दोन गोष्टी जोडून येतात. एक, खाडीचा गाळ. चिखलात बसणाऱ्या आणि गाळाच्या पाण्यात फिरणाऱ्या शाफ्टची बुश लवकर झिजते, शाफ्ट थरथरतो आणि ग्लँडचा मार वाढतो. बोट वर असताना पंखा धरून वर-खाली हलवा. दाबून हलवल्यावर स्पष्ट खडखड जाणवली तर आधी बुश. दुसरी, प्लास्टिक. पंख्यामागे गुंडाळलेली पिशवी किंवा नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा शाफ्टवर इतका घट्ट बसतो की बुशमध्ये घुसतो. दर वेळी वर ओढल्यावर ते कापून काढणं हे सुताराचं काम नाही, रंगाऱ्याचंही नाही, म्हणून कुणीच करत नाही.

किनाऱ्यावरची उलटी परीक्षा

इंजिनचा संशय फिटला आणि पाणी उभ्या बोटीतच येतंय असं ठरलं, तर सांधे शोधायला उलट्या बाजूने जा. बोट किनाऱ्यावर असताना आत थोडं पाणी भरा आणि बाहेरून बघा. थोडं म्हणजे पठाणाच्या वर वीतभर. पाण्याचं वजन फार असतं आणि आतून ढकललं जाणं फळ्यांना सवयीचं नसतं, म्हणून काठोकाठ भरण्याची हौस नको. टँकरचं पाणी यासाठी वाया घालवू नका, खाडीचंच घ्या, शेवटी ते धुऊन काढा. बाहेरची बाजू कोरडी पुसून त्यावर खडूची पूड मारून ठेवा, पहिला ओला डाग कुठे उठतो ते नेमकं दिसतं.

पाण्यात असलेल्या बोटीत हाच प्रयोग आतून होतो. खण कोरडा करा, पठाणाच्या दोन्ही बाजूंना खडूच्या पुडीची जाड रेघ ओढा. पूड जिथे आधी भिजेल तिथून वरच्या दिशेने शोध घ्या.

हे करण्याआधी आतल्या बरगड्यांखालची पाणी वाहायची भोकं साफ करा. खवले, गाळ, विडीची थोटकं यांनी ती बुजलेली असतात. एका खणातलं पाणी दुसऱ्यात जात नाही आणि शोध फसतो. त्याहून वाईट म्हणजे पावसाचं गोडं पाणी तिथे साचून राहतं. खारं पाणी लाकूड तितकंसं सडवत नाही, गोडं सडवतं. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी जगते. वरून ताडपत्री टाकून आत चार महिने पाणी साचू देणं, ही बोट सडवायची सर्वांत स्वस्त पद्धत आहे.

सांधा भरताना

चांगला सांधा बाहेरून उघडा आणि आतून फळी फळीला टेकलेला असतो. आतूनही फट असेल तर कापूस ठोकत गेलात की तो आत पडत राहतो आणि सुतार म्हणतो, ‘नाखवा, ही खाते लय.’ ती खात नाही, तिथे फळीची कड गेलेली आहे. कड गेली असेल तर पट्टी बसवावी लागते, कापूस नाही.

किनाऱ्यावर सुकलेली फळी पाण्यात फुगणार आहे, हे धरून चला. उन्हाळ्याच्या तडाख्यात सांधा मोठा दिसतो म्हणून तो ठासून भरला, तर फुगलेल्या फळीला जागा उरत नाही. मग कापूस बाहेर येतो, नाहीतर खिळे उपटतात. दोन भाग मिसळून दगडासारखी कडक होणारी लांबी (पुट्टी) पाण्याखालच्या सांध्यात भरू नका, फुगताना फळीची कड चेपून मोडते. कापसावर शेंदूर आणि अळशीच्या तेलाचा हात द्या, मग राळ-तेलाची लांबी किंवा पॉलिसल्फाइडसारखं लवचीक सीलंट, तेही पृष्ठभागापेक्षा किंचित आत. शेंदूर म्हणजे शिसं. हातमोजे घाला, जुना थर घासताना नाका-तोंडावर चांगला मास्क लावा आणि पोरांना लांब ठेवा.

खिळे बघायला वेळ काढा. लोखंडी खिळा गंजला की फुगतो, भोवतालचं लाकूड काळं पडून मऊ होतं आणि त्या भोकातून पाणी झिरपतं. असा खिळा ठोकून घट्ट होत नाही. काढा, भोक लाकडाच्या खुंटीने बुजवा, नवा गॅल्वनाइज्ड खिळा किंवा बोल्ट शेजारी मारा, पण लाकडाच्या त्याच रेषेवर नाही, फळी उकलेल. ‘स्टेनलेस मारतो, कायमचं काम’ असं कुणी म्हणालं तर जरा थांबा. ओल्या लाकडात बंद झालेल्या स्टेनलेसला हवा मिळत नाही आणि ३०४ जातीचं स्टेनलेस तिथे आतल्या आत खड्डे पडून खातं. वरून डोकं चकचकीत, आत दांडी सुईएवढी.

शाफ्टवरचं जस्त (शाफ्टऐवजी ते आधी झिजावं म्हणून लावलेलं) दर वर्षी बघा आणि त्याला रंग मारू नका, रंगवलेलं जस्त काहीच काम करत नाही. पण भीतीपोटी दुप्पट-तिप्पट जस्तही लावू नका. बोल्टभोवतीचं लाकूड त्याने मऊ पडतं.

किड्यासाठी हातोडीने फळी वाजवा. बाहेर टाचणीएवढं भोक आणि आत बोटाएवढा बोगदा, अशी त्याची रीत. भद्द आवाज आला की टोच्याने टोचून बघा.

‘फायबर मारून टाक’

हा सल्ला दर बंदरावर फुकट मिळतो. फायबर वाईट नाही. ओल्या, तेलकट, हलणाऱ्या फळ्यांवर मारलेलं फायबर वाईट. सागात मुळात तेल असतं, त्यात वर्षानुवर्षांचं माशाचं तेल आणि डिझेल मुरलेलं. त्यावर साधं पॉलिस्टर रेझिन नीट धरत नाही. फळ्या हलतात, फायबरला सांध्यांवर बारीक भेगा जातात, पाणी फायबर आणि लाकूड यांच्या मध्ये शिरतं आणि तिथेच राहतं. बोट जड होते आणि आत पाणी दिसतं ते भेगेपासून कितीतरी हात लांब. यानंतर गळती शोधणं जवळजवळ अशक्य.

आपल्याकडची खरी अडचण तारखांची आहे. मासेमारी बंद असते १ जून ते ३१ जुलै, आणि बोटीची सगळी कामं याच काळात करायची सवय आहे. फायबरसाठी लाकडातला ओलावा १२ ते १५ टक्क्यांच्या आत हवा. मुंबईच्या पावसाळ्यात सावलीत ठेवलेलं लाकूडसुद्धा हवेतून ओलावा ओढतं, मग पाण्यातून काढलेल्या फळीचं काय. ताडपत्रीखाली हॅलोजन लावून सुकवल्याचं समाधान मिळतं, लाकूड सुकत नाही. ओलावा मोजायचं मीटर वापरत असाल तर मीठ मुरलेल्या लाकडावर ते खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं, हेही लक्षात ठेवा. फळी गोड्या पाण्याने धुऊन सुकवल्यावर मोजा.

म्हणून फायबर किंवा इपॉक्सीचं काम असेल तर धंद्याचे दिवस गेले तरी फेब्रुवारी-मार्चमध्ये बोट काढा. ते परवडत नसेल तर फायबर मारूच नका. सांधे, खिळे, बुश, ग्लँड ही कामं पावसाळ्यात छान होतात.

उतरवण्याच्या आधी फळ्यांवर ओलं गोणपाट टाकून आठवडाभर भिजवत ठेवा, विशेषतः उन्हाच्या बाजूला आणि ताडपत्रीखाली कोरड्या राहिलेल्या जागी. उधाणाची भरती मुंबईत दुपारच्या सुमाराला येते, तेव्हा उजेडात उतरवा. उतरवल्यावर लगेच मासेमारीला जाऊ नका. सगळे जातायत, डोळ्यांदेखत पहिली मासळी दुसऱ्याच्या बोटीत चाललीय, हे कळतं. तरी दोन-तीन दिवस बोट बंदरात तरंगू द्या, रेघांवरचं पाणी रोज लिहा, तिसऱ्या दिवशी मेकॅनिकला बोलावून कपलिंग मोजून घ्या, ग्लँड बंदरातच तासभर चालवून बघा. या तीन दिवसांत पाणी रोज कमी होत गेलं तर फळ्या फुगतायत, जा बिनधास्त. तेवढंच राहिलं किंवा वाढलं, तर समुद्रात गेल्यावर ते कमी होणार नाही. पुढच्या उधाणाला तिला पुन्हा वर घ्या.